लस घेतल्यावर विपरीत घडले तर भरपाई कोणाकडे मागायची?

लस घेतल्यानंतर घरातले माणूस दगावले किंवा कायमचे अधू झाले, तर सरकारकडून भरपाई मिळते का? गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी विचारला जातो आहे. उत्तर आधीच देऊन टाकू. जून 2024 मध्ये हे लिहीत असताना भारतात अशी योजना नाही. तिचा अर्ज नाही, ठरलेली रक्कम नाही, मुदत नाही, ती मंजूर करणारा अधिकारीही नाही. कोणी पैसे घेऊन असा अर्ज भरून देतो म्हणाला, तर देऊ नका.

योजना नाही म्हणून मार्गच नाही, असे मात्र नाही. मार्ग कोर्टाचा आहे, लांबचा आहे, आणि त्यावरचे पहिले पाऊल कोर्टात नव्हे तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पडते. ते पाऊल चुकले, तर पुढचा वकील कितीही हुशार असला तरी हाती फारसे लागत नाही.

प्रश्न आत्ता का उठला, ते आधी पाहू. एप्रिल 2024 च्या अखेरीस बातमी आली की ॲस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनमधल्या कोर्टात दिलेल्या कागदात एक गोष्ट कबूल केली आहे: त्यांच्या कोविड लशीमुळे अत्यंत क्वचित ‘टीटीएस’ होऊ शकतो. टीटीएस म्हणजे रक्तात गुठळ्या होणे आणि त्याच वेळी रक्तातल्या प्लेटलेट कमी होणे. हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोव्हिशील्ड’ नावाने बनवली आणि भारतात सर्वांत जास्त डोस तिचेच दिले गेले. बातमी फोनवरून फिरली आणि तंजावूरला राजवाड्याच्या आसपासच्या आमच्या गल्ल्यांतही पोहोचली. इथली जुनी मराठी घरे अजून घरात मराठी बोलतात आणि सरकारी कागद तमिळमध्ये वाचतात. दोन्हीच्या मध्ये अडलेला माणूस भाषांतर करणाऱ्याला गाठतो. ‘आम्ही तीच लस घेतलीय, आता आम्हाला काय होईल?’ असे मला विचारणाऱ्यांत तीन वर्षांपूर्वी डोस घेतलेल्या आजीबाईही होत्या.

त्यांना जे सांगितले तेच इथे सांगते. हा आजार लस घेतल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत होतो. 2021 मध्ये डोस घेतलेल्या माणसाने 2024 मध्ये त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. दुसरे असे की बातमी आपल्याकडे नवी नव्हती. 17 मे 2021 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेच जाहीर केले होते की राष्ट्रीय समितीने 498 गंभीर घटना सखोल तपासल्या, त्यांपैकी 26 घटना कोव्हिशील्डनंतर गुठळ्या होण्याच्या असू शकतात, आणि हे प्रमाण दहा लाख डोसमागे 0.61 इतके आहे. म्हणजे दहा लाखांत एकसुद्धा नाही. ब्रिटनमध्ये हे प्रमाण दहा लाखांत 4 आणि जर्मनीत 10 असल्याचे त्याच निवेदनात म्हटले होते.

धोका फार थोडा होता, हे खरे. पण ज्या घरात तो खरा झाला, त्या घराला दहा लाखांचा हिशेब सांगून उपयोग नाही. भरपाईचा प्रश्न तिथून सुरू होतो.

‘नंतर’ आणि ‘मुळे’

सरकारी कागदात अशा प्रसंगाला ‘लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एईएफआय’. भाषांतर करताना या नावातल्या एका शब्दावर मी अडून बसते, कारण सगळा कायदा त्या शब्दावर उभा आहे. नाव ‘लसीकरणानंतरची’ आहे, ‘लसीकरणामुळे झालेली’ नाही. लस घेतल्यावर जे काही वाईट घडले ते सगळे आधी ‘नंतर’ या खात्यात नोंदवायचे. ते ‘मुळे’ होते का, हे समिती मागाहून ठरवते.

आपल्या बोलण्यात हा फरक राहत नाही. ‘इंजेक्शन दिलं आणि पोराला ताप आला’ असे आपण म्हणतो, त्यातल्या ‘आणि’त दोन्ही अर्थ असतात. समितीच्या कागदात मात्र चार गट आहेत. पहिल्या गटात लशीशी संबंध जुळणाऱ्या घटना येतात: लशीच्या घटकांमुळे झालेल्या, लशीच्या दर्जातल्या दोषामुळे झालेल्या, देणाऱ्याच्या चुकीमुळे झालेल्या आणि सुईच्या भीतीने झालेल्या. दुसऱ्या गटात ज्यांचे निश्चित सांगता येत नाही त्या. तिसऱ्यात योगायोगाने त्याच सुमारास झालेल्या. आणि चौथ्यात, पुरेसे कागद नाहीत म्हणून कोणत्याच गटात न बसणाऱ्या.

तिसऱ्या गटातला ‘योगायोग’ हा शब्द घरच्यांना फार लागतो. त्यांना तो अपमान वाटतो. पण तो शिवी नाही. रोज लाखो लोकांना लस दिली जाते तेव्हा त्यांतल्या काहींना त्याच आठवड्यात हृदयविकाराचा झटका येणारच असतो, लस घेतली नसती तरी. खरी चीड यायला हवी ती चौथ्या गटाची. शवविच्छेदन झाले नाही, रक्ताचा अहवाल सापडत नाही, दवाखान्याने कागद दिले नाहीत, म्हणून ‘वर्गीकरण करता येत नाही’. त्या घराला ‘हो’ मिळत नाही आणि ‘नाही’ही मिळत नाही. कोर्टात जायचे तर हातात काहीच नसते.

सरकारने नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रातले आकडे असे: तोपर्यंत 219.86 कोटी डोस दिले गेले; प्रतिकूल घटना 92,114 नोंदल्या गेल्या; त्यांतल्या 89,332 किरकोळ आणि 2,782 गंभीर होत्या, त्यांत मृत्यूही आले. हे आकडे ‘नोंदल्या गेलेल्या’ घटनांचे आहेत. ज्यांनी कोणाला कळवलेच नाही, त्यांचे दुःख यात मोजलेले नाही. तसेच या 2,782 पैकी प्रत्येक घटना लशीमुळेच घडली, असाही त्याचा अर्थ नाही. दोन्ही बाजूंनी हा आकडा ओढला जातो, तेव्हा हे ध्यानात असू द्या.

कोर्टात काय चालले आहे

2021 मध्ये कोव्हिशील्डनंतर दगावलेल्या दोन तरुण मुलींच्या आईवडिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यांतले एक कुटुंब तमिळनाडूतलेच. त्यांचे मागणे दोन प्रकारचे होते: मृत्यूची स्वतंत्र वैद्यकीय चौकशी व्हावी, आणि नुकसानभरपाई मिळावी. त्यावर सरकारचे म्हणणे थोडक्यात असे: मृत्यू दुःखद आहेत, पण लस घेण्याची कायद्याने सक्ती नव्हती, लस सरकारने बनवलेली नाही, दुसऱ्यांनी बनवलेली आणि रीतसर मंजूर झालेली आहे, म्हणून सरकारला थेट जबाबदार धरता येणार नाही, ज्याला वाटते त्याने निष्काळजीपणाबद्दल दिवाणी कोर्टात दावा लावावा.

केरळमध्ये पतीच्या मृत्यूनंतर एक महिला उच्च न्यायालयात गेली. कोविडने मेलेल्यांच्या घरी मदत मिळते, लशीने मेलेल्यांच्या घरी का नाही, हा तिचा प्रश्न होता. केरळ उच्च न्यायालयाने 2022 मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला सांगितले की अशी प्रकरणे ओळखून मदत देण्याची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत करा. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2023 मध्ये त्या आदेशाला स्थगिती मिळाली. महाराष्ट्रातल्या एका वडिलांनी डॉक्टर मुलीच्या मृत्यूबद्दल 1,000 कोटी रुपयांची भरपाई मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये त्यावर नोटिसा काढल्या. रक्कम डोळे दिपवणारी असल्याने वर्तमानपत्रांनी तीच ठळक छापली. त्यामागचा साधा प्रश्न, म्हणजे भरपाई द्यायची कोणी, तो मथळ्यात मावला नाही.

सरकारच्या उत्तरातला ‘सक्ती नव्हती’ हा मुद्दा तपासून पाहिला पाहिजे. कागदावर तो बरोबर आहे. पण ऑगस्ट 2021 पासून मुंबईत लोकलमध्ये चढायला दोन डोस लागत. डिसेंबर 2021 मध्ये मदुरै जिल्ह्यात लस न घेतलेल्यांना सार्वजनिक ठिकाणी मज्जाव करणारा आदेश निघाला आणि त्या ठिकाणांत रेशन दुकानही होते. रेशनवर ज्याची चूल पेटते त्याला ‘लस ऐच्छिक आहे’ हे वाक्य फारसे उपयोगी नसते. 2 मे 2022 रोजी डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कोणावरही लशीची सक्ती करता येणार नाही, शरीरावरचा अधिकार संविधानाच्या कलम 21 मध्ये येतो, असे त्यात म्हटले. त्याच निकालात सरकारचे लस धोरण मनमानी नाही असेही म्हटले, आणि प्रतिकूल घटना लोकांना व खासगी डॉक्टरांना स्वतः नोंदवता याव्यात, त्यांची माहिती प्रसिद्ध व्हावी, अशी सूचना केली. लशीच्या बाजूचे आणि विरुद्धचे दोघेही या निकालाचा अर्धाच भाग वाचून दाखवतात.

दोष कोणाचा, हे ठरवायला किती वेळ लागतो

‘दिवाणी कोर्टात जा’ या सल्ल्यातली अडचण अशी की तिथे कोणाचा तरी दोष सिद्ध करावा लागतो. कधी तो उघड असतो. 31 जानेवारी 2021 रोजी यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा मुलांना हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले वाचली. तिथे चूक कुठे झाली हे शेंबडे पोरही सांगेल.

पण बहुतेक वेळा तसे नसते. 1902 मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी प्लेगची लस दिल्यावर 19 माणसे धनुर्वाताने मेली. सगळ्यांना एकाच बाटलीतून लस दिली होती. लस मुंबईच्या प्रयोगशाळेतून आलेली, म्हणून ती शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि त्यांना कामावरून दूर व्हावे लागले. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, हे लक्षात घेऊन दोष प्रयोगशाळेचा नव्हता असे मान्य व्हायला 1907 उजाडले. हाफकिन यांच्या बाजूने रोनाल्ड रॉस यांच्यासारखे नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ उभे होते, तरी पाच वर्षे गेली. परळच्या त्या प्रयोगशाळेला आज त्यांचेच नाव आहे. मेलेल्या 19 जणांच्या घरच्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. वाद सगळा ‘दोष कोणाचा’ यावर झाला.

आणि कोव्हिशील्डसारख्या बाबतीत तर दोष कोणाचाच नसू शकतो. लस नीट बनवलेली, नीट साठवलेली, नर्सने नीट दिलेली, तरी लाखात एखाद्याच्या शरीराने तिला उलटा प्रतिसाद दिला. मग निष्काळजीपणा सिद्ध करायचा कोणाचा? जे कधी घडलेच नाही ते सिद्ध करायला त्या घराला कोर्टात पाठवायचे, हे मला न्यायाचे वाटत नाही.

यावर उपाय नवा नाही. दोष कोणाचा हे न विचारता ठरलेली रक्कम देण्याची पद्धत आपल्या कायद्यात जुनीच आहे. रेल्वे अपघातात मृत्यू झाला तर रेल्वेची चूक सिद्ध न करता 8 लाख रुपये मिळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 प्रमाणे मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, चालकाचा दोष न दाखवता. कोविडने मृत्यू झालेल्यांच्या घरी 50,000 रुपये सानुग्रह मदत मिळाली, तीही कोणाचा दोष न काढता.

सर्वांत जवळचे उदाहरण मात्र कुटुंबनियोजनाचे आहे आणि या पोर्टलच्या वाचकांपैकी अनेकांना ते घरातूनच माहीत असेल. सरकारी शिबिरात किंवा मान्यताप्राप्त दवाखान्यात नसबंदी केल्यावर मृत्यू झाला, गुंतागुंत झाली किंवा शस्त्रक्रिया अयशस्वी होऊन गर्भ राहिला, तर ठरलेली रक्कम मिळते. ही योजना सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशानंतर आकाराला आली. आधी दवाखान्यात किंवा घरी सोडल्यानंतर सात दिवसांत मृत्यू झाल्यास 2 लाख, आठ ते तीस दिवसांत झाल्यास 50,000, शस्त्रक्रिया अयशस्वी झाल्यास 30,000 आणि गुंतागुंतीच्या उपचारांसाठी 25,000 पर्यंत अशा रकमा होत्या. 2016 मध्ये न्यायालयाने त्या वाढवायला सांगितल्या. या योजनेचा कागद मी भाषांतरित केला तेव्हा वाटले की इथे ‘नसबंदी’च्या जागी ‘लस’ घातली तर मसुदा जवळपास तयारच आहे. सरकार स्वतः आग्रह करून, सगळ्यांच्या भल्यासाठी, निरोगी माणसाच्या अंगावर जो उपचार करते, त्यात एखाद्याचा बळी गेला तर त्या घराचा भार सगळ्यांनी मिळून उचलायचा. तत्त्व तेच आहे.

आणखी एक विसंगती. लस बाजारात येण्याआधी तिच्या चाचणीत भाग घेणाऱ्या माणसाला भरपाईचा कायदेशीर हक्क आहे. 2019 च्या नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांत त्याचे सूत्र दिलेले आहे. चाचणीमुळे इजा झाली तर चाचणी करणाऱ्याने उपचारही करायचे आणि पैसेही द्यायचे. हे नियम भांडण टाळत नाहीत: 2020 मध्ये चेन्नईतल्या एका स्वयंसेवकाने 5 कोटी मागितले, तेव्हा सीरमने आजाराचा लशीशी संबंध नाकारला आणि उलट 100 कोटींच्या बदनामीच्या दाव्याचा इशारा दिला. तरी निदान भांडायला नियम होता. जानेवारी 2021 मध्ये कोव्हॅक्सिन चाचणीच्या अटीवर दिली जात होती, तेव्हा तिच्या संमतिपत्रावरही लशीमुळे गंभीर इजा झाल्याचे सिद्ध झाल्यास कंपनी भरपाई देईल असे लिहिलेले होते. चाचणीतल्या काही हजारांना जे मिळाले ते पुढच्या कोट्यवधींना नाही.

बाहेरच्या देशांत हे फार आधी झाले. जर्मनीने 1961 मध्ये, जपानने 1970 च्या दशकात, ब्रिटनने 1979 च्या कायद्याने सुरुवात केली. ब्रिटनमध्ये आज एकरकमी 1,20,000 पाउंड मिळतात, पण अपंगत्व 60 टक्के असेल तरच, आणि ही अट फार कडक आहे अशी तिथल्या पीडितांची तक्रार आहे. अमेरिकेत 1986 च्या कायद्यानंतर प्रत्येक डोसवर, तो ज्या आजारांपासून वाचवतो त्या प्रत्येक आजारामागे 75 सेंट कर बसतो आणि त्या निधीतून भरपाई दिली जाते. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोव्हॅक्सच्या लशींसाठी 92 गरीब आणि मध्यम देशांकरता अशीच व्यवस्था उभी केली. या कोणत्याही देशात त्यामुळे लसीकरण बंद पडले नाही. भरपाई मागणारा माणूस लशीचा विरोधक असतो, हा आपल्याकडचा समज उगाच आहे. अशा घरांतली पुष्कळ माणसे सरकारवर विश्वास ठेवून रांगेत उभी राहिलेली होती.

कागद कुठून सुरू होतो

आता कामाचे. हे कोविडपुरते नाही. बाळाच्या गोवर-पोलिओच्या लशीला आणि गरोदर बाईच्या धनुर्वाताच्या लशीलाही हेच लागू आहे. आधी एवढे: लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. जिवावर बेतणारी ॲलर्जी बहुधा याच वेळात दिसते आणि तिच्यावरचे इंजेक्शन केंद्रात असते.

घरी गेल्यावर काही गंभीर झाले, म्हणजे दवाखान्यात भरती करावे लागले, झटके आले, शुद्ध हरपली, तर लस देणाऱ्या नर्सला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना लगेच कळवा. अशी घटना त्यांनी चोवीस तासांत जिल्ह्याला कळवायची असते. फोनवर सांगून थांबू नका. साध्या कागदावर चार ओळी लिहा: नाव, कोणती लस, तारीख आणि वेळ, त्रास कधी सुरू झाला. एक प्रत द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. खासगी दवाखान्यात भरती केले असेल तर तिथल्या डॉक्टरांना लशीची तारीख सांगा आणि ती केसपेपरवर लिहून घ्या. लशीच्या कार्डावर बॅच क्रमांक नसेल तर विचारून लिहून घ्या. नंतर तो शोधणे कठीण होते. औषधांचे आणि लशींचे दुष्परिणाम स्वतः कळवण्यासाठी 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक आहे आणि त्याचा फॉर्म मराठी व तमिळमध्येही आहे.

मृत्यू झाला तर शवविच्छेदन. हे लिहिताना हात जड होतो, कारण आपल्याकडे त्याला घरचे तयार होत नाहीत, लहान बाळाच्या बाबतीत तर मुळीच नाही. कोणी जबरदस्ती करणार नाही. पण ते नसेल तर समितीचा शेरा चौथ्या गटात जाण्याची शक्यता फार वाढते, एवढे माहीत असताना निर्णय घ्या.

आपल्या राजवाड्याशी निगडित एक गोष्ट इथे आठवते. सरफोजी राजे दुसरे यांच्या काळात, म्हणजे 1798 ते 1832 दरम्यान, तंजावुरात धन्वंतरी महाल होता. तिथे डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या जात: नाव, तक्रार, उपचार, सोबत डोळ्याचे रंगीत चित्र. त्या आजही जपलेल्या आहेत आणि डॉक्टर मंडळी त्यांचा अभ्यास करतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाचा कागद सापडतो आणि तीन वर्षांपूर्वीचा डिस्चार्ज कार्ड सापडत नाही, अशी आपली गत होऊ नये.

समितीने काय ठरवले ते घरी आपोआप कळेलच असे नाही. माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका आईला मुलीच्या मृत्यूचा लशीशी संबंध असल्याचा समितीचा निष्कर्ष असाच माहिती अधिकारातून कळला होता. पुढच्या कोणत्याही दाव्याचा पाया तो कागद असतो.

मग कोणते कोर्ट? ग्राहक आयोग स्वस्त आहे, पण तिथे एक विचित्र भिंत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालाप्रमाणे, जिथे सगळ्यांनाच सेवा फुकट मिळते तिथला रुग्ण ‘ग्राहक’ ठरत नाही. म्हणजे 2021 मध्ये खासगी दवाखान्यात 780 रुपये देऊन कोव्हिशील्ड घेणारा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. तीच लस सरकारी केंद्रात मोफत घेणाऱ्याला तो दरवाजा नाही. मोफत लाभ घेणाऱ्याचा हक्क विकत घेणाऱ्यापेक्षा कमी, असा याचा अर्थ निघतो, आणि लाभार्थ्यांसाठी लिहिणारी म्हणून मला हे खटकते. शिवाय मुदत दोन वर्षांची. कोविडकाळात न्यायालयाने मुदतीतून वगळलेला अवधी धरला तरी 2021 च्या घटनांची ती फेब्रुवारी 2024 अखेर संपली. आता उशीर माफ करण्याचा अर्ज सबळ कारणासह जोडावा लागेल.

दिवाणी दाव्याला तमिळनाडूत मागितलेल्या रकमेच्या 3 टक्के कोर्ट फी पडते. दहा लाख मागितले तर तीस हजार. ऐपत नसेल तर निर्धन म्हणून दावा लावण्याची परवानगी मागता येते. सरकारविरुद्ध रिट करायची तर तंजावूर जिल्ह्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाचे मदुरै खंडपीठ. यांपैकी कशासाठीही वकील पदरमोड करून लावण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे.

दावा चालू असतानाही घर चालवायचे असते. काही योजना कारण विचारत नाहीत, त्या आधी घ्या. कमावता माणूस 18 ते 59 वयात गेला आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे 20,000 रुपये. अपंगत्व आले असेल तर यूडीआयडी कार्ड, आणि त्यावर राज्याचे निवृत्तिवेतन. उपचारांसाठी तमिळनाडूत मुख्यमंत्र्यांची आरोग्य विमा योजना, महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजना. हे घेतल्याने भरपाईचा हक्क जात नाही. ‘लशीमुळे झाले’ असे त्या अर्जात लिहिण्याची गरज नाही, आणि ‘लशीमुळे झाले नाही’ अशा कोणत्याही कागदावर मात्र न वाचता सही करू नका.

आरोग्य केंद्राने तुमचा कागद घेतला नाही, तर दर सोमवारी कलेक्टर कचेरीत ‘मक्कळ कुरै तीर्क्कुम् नाळ’ असतो. तिथे अर्ज द्या आणि नोंदणी क्रमांकाची पावती मागून घ्या. तमिळ लिहिता येत नाही म्हणून मागे राहू नका. संविधानाच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो, मराठीतसुद्धा. सोबत तमिळ प्रत जोडलीत तर उत्तर लवकर येते, एवढाच अनुभव आहे.